झोळ पडू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईला घेऊन ऐन पावसात कॅम्पर व्हॅननं, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीनं, निघायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. पण व्हॅनच्या दाराबाहेर ताणायच्या त्या कापडी छपराबद्दल, म्हणजे ऑनिंगबद्दल, ‘ऑनिंगचं कापड वॉटरप्रूफ आहे, त्यामुळे आता पावसाची चिंता नाही’ हे तुझं वाक्य मनातून जाईना, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय. कापडातून पाणी गळेल याची भीती मलाही नाही. त्यावर पडलेलं पाणी जाणार कुठे, हे तू ठरवलं आहेस का?

मी पहिल्यांदा पावसात ऑनिंग लावलं तेव्हा ते अगदी सपाट ताणलं होतं. दिसायला देखणं. रात्री पाऊस लागला, कापडावर थडथड सुरू झाली आणि त्या आवाजात मला झोपही छान लागली. जाग आली तेव्हा आवाज बदलला होता. कडक थडथड जाऊन डबक्यात थेंब पडावेत तसं मऊ डुबडुब ऐकू येत होतं. बाहेर डोकावलो तर कापडाच्या मधोमध पाण्याचं पोट लोंबत होतं. मी घाबरून झाडूचा दांडा खालून लावला आणि वर ढकललं. सगळं पाणी दाराच्या बाजूला आलं, थेट अंथरुणावर. शिवाय ऑनिंगचा एक हात वाकला तो वाकलाच. रात्रभर ओल्या पांघरुणात बसून मी एकच हिशेब करत होतो. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, म्हणजेच 1 किलो वजन. तुझं ऑनिंग 3 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटर. 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर 75 लिटर पाणी येतं. ते वाहून गेलं तर काहीच नाही. पण एकदा झोळ पडला की पाणी तिथेच धावतं, त्या वजनानं झोळ आणखी खोल होतो आणि खोल झोळात आणखी पाणी मावतं.

म्हणून आधी ढाळ. बाहेरची कड व्हॅनकडच्या कडेपेक्षा निदान वीतभर, जमलं तर 30 सेंटिमीटर खाली घे. त्यातही एक कोपरा दुसऱ्यापेक्षा आणखी खाली. दोन्ही पाय सारखे ठेवलेस तर पागोळ्या सगळ्या कडेनं गळत राहतात आणि आत-बाहेर करताना आईच्या डोक्यावर पाणी पडेल. एक कोपरा खाली असला की सगळं पाणी तिथूनच उतरतं. हा कोपरा दारापासून लांबचा निवड, आणि व्हॅन उभी केलीस त्या जमिनीचा उतारही त्याच बाजूला असू दे. नाहीतर वरून गेलेलं पाणी खालून चटईखाली परत येईल. चटईची कड ऑनिंगच्या कडेच्या आतच संपू दे. जरा जरी बाहेर राहिली तरी ती पाणी आत ओढून आणते. हे मी दोनदा अनुभवलंय.

तीन मीटरच्या कापडाला मधे आधार लागतोच. व्हॅनपासून बाहेरच्या नळीपर्यंत मधोमध एक आडवी काठी अडकवायची, म्हणजे कापड कण्यासारखं वर उचललं जातं आणि पाणी दोन्हीकडे घरंगळतं. ही काठी विसरू नकोस. ढाळानंतर सगळ्यात जास्त उपयोग तिचाच.

आता दोर. तुझं कापड पॉलिएस्टरचं आहे, ते भिजून फारसं सैलावत नाही. नायलॉन मात्र ओलं झालं की ताणतं, म्हणून ताणदोर नायलॉनचे असतील तर पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं उठून पुन्हा आवळ. (माझ्या जुन्या सुती तंबूचं नेमकं उलटं होतं. भिजला की आकसायचा, म्हणून दोर ढिले करावे लागायचे.) खुंट्या लांब घे आणि डोकं व्हॅनच्या उलट दिशेला कललेलं ठेवून ठोक. भिजलेल्या मातीत आखूड खुंटी हातानंही उपटून येते.

एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, ती म्हणजे व्हॅन आणि ऑनिंग यांच्यामधली फट. टपावरचं पाणी तिथून बारीक धारेनं उतरतं आणि नेमकं दाराच्या उंबऱ्यावर पडतं. तिथे रबराची पट्टी बसव. शिवणींवर सीलर (भोकं-फटी बुजवणारा चिकट लेप) लावणार असशील तर आधी कापडावरचा लेप कसला आहे ते बघ. सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनचाच सीलर चिकटतो, दुसरा सोलून निघतो. आणि दिव्याची वायर आत नेताना आधी खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे थेंब त्या झोळातूनच खाली गळून जातात. एवढा एकच झोळ कामाचा!

वारा वाढला तर मात्र कसलाही मोह धरू नकोस, ऑनिंग गुंडाळ. ते शिडासारखं उचललं जातं आणि व्हॅनच्या पत्र्यासकट ओरबाडलं जातं. विजा चमकू लागल्या की दोघंही व्हॅनमध्ये, दारं-काचा लावून. तेव्हा धातूच्या पायांना हात लावायला जाऊ नकोस. चारी बाजूंनी पडदे लावलेस तर आत शेगडी पेटवू नकोस, कितीही गारठा असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आई झोपेत असेल तर तिला काहीच कळणार नाही, आणि तुलाही नाही.

सकाळी निघताना ऑनिंग ओलंच गुंडाळावं लागेल. त्याला इलाज नाही. पण दुसऱ्या दिवशी ऊन दिसेल तिथे थांब आणि उलगडून पूर्ण वाळव. माझ्या पहिल्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. कोपऱ्यातली घडी हातानं चाचपून बघ, ओल तिथे दडून राहते.

निघायच्या आधी एकदा अंगणात ऑनिंग लाव आणि त्यावर बादलीभर पाणी ओत. पाणी कुठून उतरतं ते नीट पाहा आणि मला कळव. काठीची लांबी जुळत नसेल तर माझ्याकडे एक जास्तीची आहे, ती पाठवतो.

आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती