‘ऐकीव’ म्हणून शुभवर्तमान डावलू नका

महोदय,

गुड फ्रायडेच्या सुमारास आपल्या पानावर एका वाचकाने लिहिले होते की, शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तके, येशूच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिली गेली. म्हणजे सगळा ऐकीव मामला, त्यावर विसंबायचे कसे? पॅरिशमध्ये अनेक वर्षे मुलांना धर्मशिक्षण दिल्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

तारखा साधारण बरोबर आहेत. येशूला क्रुसावर दिले ते इ. स. ३०च्या आसपास आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुने असलेले मार्कचे शुभवर्तमान ७०च्या आगेमागे लिहिले गेले. पण मधल्या काळात सगळे गप्प नव्हते. सुरुवातीचा ख्रिस्तप्रचारक संत पौल याने ५५च्या सुमारास करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पहिले पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो सांगतो की, मला जे मिळाले तेच मी तुम्हाला दिले: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना (येशूच्या शिष्यांना). मोठ्याने म्हणून पाहा, पाठ करायलाच बांधलेली वाक्ये आहेत ही. लगेच पुढे तो लिहितो, पाचशेहून अधिक बांधवांना तो एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. ज्यांना जाऊन विचारता येईल अशा माणसांचा हवाला देणाऱ्याला मी तरी अफवा पसरवणारा म्हणणार नाही.

‘घेण्यापेक्षा देणे अधिक धन्यतेचे’ हे येशूचे वचन चारही शुभवर्तमानांत नाही. ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात पौलाच्या तोंडी येते. लोक ते एकमेकांना सांगत राहिले नसते, तर आज आपल्याकडे नसते.

माझी धाकटी जाऊ प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे रोझरीला बसली की, प्रभूच्या प्रार्थनेत ‘वाइटापासून सोडव’पाशी आम्ही थांबतो आणि ती ओघात पुढे जाते, ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.’ मुले हमखास विचारतात, बरोबर कोण? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही. पण तिच्याशी मिळताजुळता शेवट ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे आणि तिथे ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. म्हणणाऱ्यांच्या तोंडून ही ओळ पुढे कागदावर उतरली. लूकच्या शुभवर्तमानात तर प्रार्थना आणखी छोटी. ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ हे जुन्या प्रतींत नाहीच. शब्द हलले, हे मी मुलांपासून लपवत नाही. पण नाव पवित्र मानले जावो, राज्य येवो, रोजची भाकर दे, क्षमा कर, हे मागणे दोन्हींकडे तेच आहे.

चर्चनेही हे कधी दडवलेले नाही. प्रेषितांनी आधी तोंडी सांगितले आणि त्यातून निवडून पुढे लिहिले गेले, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटले आहे. खंत एवढीच की, आम्ही ते ऐकायचे सोडले. मिस्साला वाचन चालू असताना निम्म्या माना मोबाइलमध्ये असतात आणि वाचणाराही घाईघाईने उरकतो.

म्हणून धर्मगुरूंना माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या उपवासकाळात एका संध्याकाळी मार्कचे शुभवर्तमान सलग, मोठ्याने वाचून घ्या. दीड तास पुरतो. शंका घेणाऱ्या त्या वाचकांनाही अवश्य बोलवा.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई