ऊसतोड टोळ्यांसाठी रिकाम्या बाटल्या द्या

स. न. वि. वि.

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि आपल्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून आलेली ही माणसं हंगामभर मिळेल त्या विहिरीचं, नाहीतर पाटाचं पाणी तसंच पितात. ‘उकळून प्या’ म्हणायला आपलं काय जातं? पहाटे फडात जाणाऱ्या बाईला भाकरीपुरतं जळण मिळताना मारामार. दूषित पाणी काय करतं, ते २०१२ च्या इचलकरंजीतल्या काविळीच्या साथीत जिल्ह्यानं बघितलंय.

म्हणून यंदा मंडळानं पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायला ऊन वापरायचं ठरवलंय. बैरूतचे संशोधक अफ्तिम आक्रा यांनी ही रीत अभ्यासली. १९९१ पासून स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ती पुढं नेली. दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली पाऊण भरायची, खळखळून हलवायची, मग काठोकाठ भरून पत्र्यावर आडवी ठेवायची. कडक उन्हात सहा तास. अतिनील किरणांनी जंतू मरतात; पाणी ५० अंशांवर तापलं तर आणखी लवकर. टोळी फडात असते तेवढ्या वेळात काम होतं. अर्ध्याहून जास्त आभाळ आलं तर मात्र सलग दोन दिवस ठेवावं लागतं, आणि झडीच्या पावसात हा उपाय चालतच नाही. गळिताचा हंगाम उन्हाचा, म्हणून जमतंय.

पाणी गढूळ नको. भरलेली बाटली पेपरच्या मथळ्यावर उभी करून वरून बघायचं. अक्षरं वाचता आली तर ठीक, नाहीतर आधी तुरटी फिरवायची. युरियाचं नायट्रेट उन्हानं जात नाही, त्यामुळं विहीर निवडतानाच पाणी तपासून घेणार आहोत.

शाळेच्या गच्चीवर दुसराही एक प्रयोग लावतोय. रंगात असते ती पांढरी पूड, टायटॅनियम डायऑक्साइड, अतिनील प्रकाशात पाण्यातून अतिशय जहाल मूलकं, म्हणजे कशालाही झटकन भिडणारे कण, तयार करते आणि ती जंतूंचं कवचच फोडतात. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये या पदार्थाची करामत दाखवली. १९८५ मध्ये तिथंच मात्सुनागा यांनी ती जंतूंवर वापरली. अडचण अशी की उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, आणि पाण्यात मिसळलेली बारीक पूड परत काढणं अवघड. म्हणून काचेवर लेप देऊन बघणार. हे पाणी फक्त तपासायचं, कुणाला पाजायचं नाही. आणि दुकानातून रंगाची पूड आणून घरच्या पाण्यात कुणी टाकू नये, हात जोडून विनंती!

बाटल्या बिनरंगाच्या, चरे न पडलेल्या हव्यात. लेबल काढून, धुऊन द्या. हिरव्या नकोत. जुने पत्रेही चालतील. रोख देणगी जंतू तपासणीच्या एच-टू-एस बाटल्या आणि काचेसाठी वापरू. पावती मिळेल, हिशेब फलकावर लागेल. रविवारी सकाळी खोपींवर येणारी दोन-चार पोरं हवीत, आणि बायकांशी बोलायला बचत गटातल्या ताई आल्या तर फारच बरं. सगळं सामान संध्याकाळी मंडळाच्या खोलीवर आणून द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, करवीर तालुका, कोल्हापूर