हिप्परग्याची ओहोटी

सोलापूर,
कार्तिक वद्य तृतीया

चि. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे रत्नागिरीहून आलेले पत्र आईने दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. ओहोटी लागली की चिखलावर पक्षी कसे उतरतात, हे तू फार बारकाईने लिहिले आहेस. मात्र ‘सोलापूरला हे कुठले दिसणार?’ हे तुझे वाक्य मला बोचले, म्हणून रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याने थेट हिप्परग्याचा तलाव गाठला.

आदिला नदी अडवून १८७१ साली बांधलेला हा तलाव यंदा चांगला भरला होता. आता पाणी हळूहळू उतरू लागले असून काठाला हात-दीड हात रुंदीची काळी, ओली पट्टी उघडी पडली आहे, आणि सगळी गर्दी त्या पट्टीवरच होती. जेमतेम चिमणीएवढा टिलवा, जो सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून एवढे अंतर कापून येतो, तो पाण्याच्या अगदी कडेला शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत होता. त्याच्यापासून चार पावलांवर शेपूट सतत वरखाली करणारा तुतवार दगडांच्या फटी तपासत होता. आणि शेकाट्या आपल्या लांब गुलाबी काटक्यांवर उभा राहून, टिलवा जिथे बुडाला असता तिथे, निवांतपणे किडे टिपत होता. ज्याची जेवढी चोच आणि जेवढे पाय, तेवढे त्याचे शेत. त्यामुळे इतक्या दाटीतही भांडण असे दिसले नाही. टिटवी तेवढी ओरडत होती, पण ती नेहमीच ओरडते.

पाण्याच्या मध्यावर चक्रवाकांची एक नारिंगी जोडी होती. संस्कृत कवींनी या जोडप्याची रात्री ताटातूट केली आहे. मी पोचलो तेव्हा सूर्य वर आला होता, त्यामुळे मला साक्ष देता येणार नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब मात्र अजून दिसले नाहीत. त्यांच्यासाठी मार्गशीर्षात पुन्हा जाईन.

परत येताना सारखे वाटत होते की तुमच्या समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी लागते, तर आमच्या तलावाला वर्षातून एकदाच, कार्तिकापासून थेट ज्येष्ठापर्यंत. तुमच्याकडचा पक्षी भरतीच्या वेळा सांभाळतो. इथला पक्षी पाण्याच्या काठामागोमाग रोज थोडा-थोडा पुढे सरकतो, कारण कालचा चिखल आज वाळून टणक झालेला असतो आणि त्यात चोच शिरत नाही. धरणांच्या बुडीत पट्ट्यात आपले शेतकरी गाळपेर करतात, तीही अशीच उतरत्या पाण्याच्या मागोमाग.

एका भटक्या कुत्र्याने शेवटी सगळा थवा उठवला आणि माझी एक चप्पल चिखलात राहिली. ती काढताना जे झाले ते आई तुला फोनवर सांगेलच.

तू एक कर. भरती पूर्ण चढली की तुझ्या चिखलावरचे हे पक्षी नेमके कोठे जाऊन बसतात, ते पाहून पुढच्या पत्रात कळव. आमच्याकडे ते पाहण्याची सोय नाही.

तुझे,
बाबा