सगळे तंत्रसंप्रदाय म्हणे एकाच गावचे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील तंत्रपरंपरेवरचा लेख वाचला. लेखकाची शैली ओघवती आहे याबद्दल वाद नाही. त्या ओघात इतिहासही वाहून गेला, एवढीच तक्रार आहे. सगळे तंत्रसंप्रदाय कामरूपात, म्हणजे आसामात, जन्मले, बंगालमार्गे देशभर पसरले आणि मग त्यांच्यात दक्षिण (सोवळ्या आचाराचा) व वाम (मद्य-मांस चालणारा) अशा मार्गांची वाटणी झाली, हे त्यांचे चित्र सुटसुटीत आहे खरे. पण काळ नक्की सांगता येतो असे सर्वांत जुने पुरावे भलतीकडेच सापडतात, त्याचे काय करायचे?

सन ३८० च्या मथुरेतील स्तंभलेखात उदिताचार्य हा पाशुपत या शैव संप्रदायाचा आचार्य गुरुपरंपरेत कुशिकापासूनचा दहावा असल्याचे नमूद आहे, आणि कुशिकाचे गुरू मानले जाणारे लकुलीश यांचे कायावरोहण, म्हणजे आजचे कारवण, गुजरातेत आहे. डाकिनी नावाच्या उग्र स्त्रीशक्तींनी गजबजलेल्या मातृकांच्या, म्हणजे मातृदेवतांच्या, मंदिराचा उल्लेख येतो तो राजस्थानातील गंगधारच्या पाचव्या शतकातील लेखात. ज्यांना आपण केवळ तमिळनाडूचे समजतो त्या सिद्धान्त शैवांचे मत्तमयूर नावाच्या शाखेचे मठ मध्य भारतात होते आणि त्रिपुरीचे कलचुरी राजे त्यांचे आश्रयदाते होते. काश्मीरमधला कालीपूजक क्रम संप्रदाय आपले मूळ उड्डियानाला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील स्वातच्या खोऱ्यात, नेऊन ठेवतो. पांचरात्र या वैष्णव संप्रदायाचे तर लेखात नावही नाही. वैष्णवांनाही आगम, म्हणजे तंत्रपरंपरेचे ग्रंथ, असतात हे लेखकांच्या कानावर आलेले नसावे. हे सारे एका बुंध्याच्या फांद्या नव्हेत. काहींनी एकमेकांकडून उचलले, काहींनी एकमेकांना खालच्या पायरीवर बसवले, आणि आम्हीच शेवटची पायरी असे प्रत्येकाने आपापल्या ग्रंथात लिहून ठेवले.

बंगालचा हा ठसा कुठून आला, तेही उघड आहे. महानिर्वाणतंत्र हा बहुधा अठराव्या शतकातला, म्हणजे या परंपरेच्या मानाने अगदी अलीकडचा ग्रंथ. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी १९१३ मध्ये आर्थर अ‍ॅव्हलॉन या टोपणनावाने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि इंग्रजीतून तंत्र वाचणाऱ्यांनी शेवटाकडूनच सुरुवात केली. आपले लेखकही त्याच वाटेने आलेले दिसतात.

अभिनवगुप्तांना ‘गुप्तकाळातील’ ठरवणारी चित्राखालची ओळ लिहिणाऱ्याचे मात्र कौतुक केले पाहिजे. सन १००० च्या आसपास काश्मीरमध्ये लिहिणाऱ्या या शैव आचार्याला त्याने नुसत्या नावावरून पाचेक शतके मागे ढकलले! हेच अभिनवगुप्त आपल्या तंत्रालोक या ग्रंथाच्या आरंभी ज्या मच्छंदाला वंदन करतात, तो कौल या तंत्रमार्गाचा प्रवर्तक परंपरेने मत्स्येंद्रनाथच मानला जातो. आणि ज्ञानेश्वर महाराज शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगतात, तेव्हा आदिनाथांनंतर, म्हणजे शिवानंतर, पहिले नाव मत्स्येंद्रांचेच येते. मराठी वाचकासाठी लिहिलेल्या लेखात यावर एक वाक्य नसावे आणि कवटीचे चित्र मात्र पाव पान व्यापून बसावे, हे मला समजलेले नाही.

या कवटीशी माझे जुने वैर आहे. मागे एका संस्थेने मला त्यांच्या व्याख्यानमालेत शैव आगमांवर बोलायला बोलावले होते. विषय मी लेखी कळवला होता. निमंत्रणपत्रिका हातात पडली तेव्हा तिच्यावर कवटी, दोन लिंबे आणि लाल अक्षरांत ‘तंत्र-मंत्र : रहस्य आणि काळी जादू’. मी विचारले, तर कार्यवाह म्हणाले, “सर, आगम लिहिलं तर खुर्च्या रिकाम्या राहतात.” खुर्च्या भरल्या, हे मान्य करावे लागेल. नागवर्धन या चालुक्य राजपुत्राने सातव्या शतकात इगतपुरीजवळच्या कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथल्या महाव्रतींसाठी, म्हणजे कापालिक साधूंसाठी, गाव दान दिल्याचा ताम्रपट मी समजावून सांगत होतो, आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मांडीवर पत्रिका उघडून माझे बोलणे संपण्याची वाट पाहत होते. प्रश्नोत्तरांत त्यांनी एकच प्रश्न विचारला: भावाने दुकानावर करणी केली आहे, उतारा काय? मी निरुत्तर झालो आणि सभागृहातून टाळ्या पडल्या, त्या त्यांच्यासाठी. नंतर कार्यवाहांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, पत्रिकेची कल्पना त्यांना आपल्याच एका जुन्या पुरवणीवरून सुचली होती. तेव्हा चूक एका लेखकाची आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

जाता जाता आणखी एक. माझ्या मागच्या पत्रातील सन ‘६३४’ आपल्याकडे ‘१६३४’ छापून आला होता, आणि त्याचा खुलासा मी अजूनही ओळखीच्यांना देत असतो. या पत्रातील आकडे कृपया मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. जागा अपुरी पडली तर माझ्या व्याख्यानाचा परिच्छेद गाळावा, मथुरेचा लेख गाळू नये.

आपला,
एक नियमित वाचक