कुंपणानंच शेत खाल्लं

सोलापूर, रविवार

प्रिय सुऱ्या,

फोनवर "कावीळच ना?" एवढं विचारून तू ठेवलास, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतच झाली होती. अडुसष्ट लिंगांच्या मिरवणुकीत दरवर्षी नंदीध्वजांमागं शेवटपर्यंत चालणारा मी, यंदा निम्म्यातच कट्ट्यावर बसलो. बोटांचे सांधेही दुखत होते. वय झालं म्हटलं. मार्चात डोळे पिवळे झाले. लिव्हर दुखावलं की रक्तात वाढतं ते एसजीपीटी निघालं ८७०, हवं साधारण ४० च्या आत. हिपॅटायटिस बी, सी दोन्ही निगेटिव्ह. मग जो तो एकच विचारी, "किती घेता?" अरे, तुझ्या लग्नातही मी थम्सअपवर होतो! एका डॉक्टरांनी तर दोन महिने टॉनिक दिलं आणि बायकोला बाजूला घेऊन "खरं सांगा" म्हणाले.

शेवटी लिव्हरच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दारूचं नाही, गुळवेलीचं विचारलं. कोरोनापासून रोज काढा चालूच होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या सहा जणांची नोंद छापली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. माझं दुखणं त्यामुळंच, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत, पण काढा त्याच दिवशी बंद.

रक्तातल्या अँटिबॉडीजचं आयजीजी वाढलेलं, आणि आपल्याच शरीरावर उठणाऱ्या एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी पॉझिटिव्ह. तरी एएनए धडधाकट माणसातही सापडते, म्हणून बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा तुकडा काढून तपासणी. उजव्या बरगड्यांमधून सुई गेली कधी आली कधी कळलं नाही. छळलं ते नंतर तासन्‌तास निपचित पडून राहण्यानं. निदान निघालं ऑटोइम्यून हिपॅटायटिस. रोगाशी लढणाऱ्या पेशीच लिव्हरवर उठलेल्या. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, आई ऐकून म्हणाली, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं की." हा आजार जास्त करून बायकांना होतो म्हटल्यावर आमची ही कित्येक आठवड्यांनी हसली.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमपासून उतरवत १० वर आणलंय, जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारं अ‍ॅझाथायोप्रिन. तोंड पुरीसारखं फुगलंय. रात्री दोनला उठून कडक भाकरी न् शेंगाचटणी खातो. पण एसजीपीटी ५८! गोळ्या मात्र बरीच वर्षं घ्याव्या लागणार, मनानं सोडल्या तर उलटतं.

तुझ्या ताईचं एसजीपीटी वर्षभर वाढलेलं आहे म्हणालास ना? "फॅटी लिव्हर असेल" म्हणून बसू नका. आयजीजीचं डॉक्टरांना विचार, आणि जुने रिपोर्ट मला पाठव.

तुझा,
बाळ्या