सर्टिफिकेटवर काय छापणार, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी मला गाठतंच, की सायन्स, बिझनेस आणि टेक्नॉलॉजी तिन्ही एकत्र शिकवणाऱ्या कोर्सला पोरीला घालू का, स्कोप काय, कारण मी तसल्याच कोर्समधून बाहेर पडलेय. माझ्या वेळी काका म्हणाले होते, हे धड ना इकडचं ना तिकडचं, आणि पहिले कितीतरी इंटरव्ह्यू देताना मलाही तसंच वाटायचं. लॅबवाल्यांना मी मॅनेजमेंटवाली आणि एमबीएवाल्यांना मी बायोलॉजीवाली!

शेवटी नोकरी लागली ती मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, रेग्युलेटरी अफेअर्सला, म्हणजे सरकारी मंजुऱ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या खात्यात. मेडिकल डिव्हाइस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं कायद्यात 'औषध' धरायला लागले, मग ऑक्टोबर २०२२ पासून कमी धोक्याच्या ए-बी क्लासला आणि ऑक्टोबर २०२३ पासून जास्त धोक्याच्या सी-डी क्लासला लायसन्स कंपल्सरी झालं. त्यामुळे इतकी वर्षं निवांत माल विकणाऱ्यांना एकदम लायसन्ससाठी फाइल लिहिणारं माणूस हवं झालं. ह्या माणसाला प्लास्टिक शरीराला चालतं का ह्याचा टेस्ट रिपोर्ट वाचता यायला हवा, सॉफ्टवेअर कसं तपासलं ते लिहिता यायला हवं आणि लायसन्स चार महिने लांबलं तर धंद्याला किती फटका तेही मालकाला सांगता यायला हवं. इथे माझी खिचडी कामाला आली. (मायक्रोबायोलॉजी नीट केलं होतं म्हणून, नुसत्या प्रेझेंटेशनवर भागलं नसतं.)

दुसरी वाट पेटंट एजंटची, म्हणजे लोकांच्या शोधांचे पेटंट अर्ज लिहून पेटंट ऑफिसात चालवणाऱ्याची. वकिलीची डिग्री लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री आणि पेटंट ऑफिसची परीक्षा पास, की झालं. पण मेख इथेच आहे! तीन वर्षं केमिस्ट्री शिकून सर्टिफिकेटवर बीबीए छापून आलं तर काय करणार? फूड सेफ्टी ऑफिसरचंही तेच. नियमात विषय नावानिशी दिलेत, फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी वगैरे, आणि केमिस्ट्री असेल तर एमएस्सी लागते. इंटरडिसिप्लिनरी हा शब्द त्यात कुठेच नाही. मी स्वतः एका भरतीच्या फॉर्ममध्ये माझी डिग्री सापडेना म्हणून 'इतर' टाकलं आणि फॉर्म बाद, कारण विचारायला फोन केला तर कोणी उचलेना.

आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (एक मुख्य विषय आणि जोडीला दुसरा) आल्यावर हा घोळ आणखी मुलांच्या वाट्याला येणार. कॉलेजांनी प्रॉस्पेक्टसमध्ये पॅकेजवाल्या पोरांचे फोटो खुशाल छापावेत, पण डिग्रीचं पूर्ण नाव काय आणि ती कुठल्या सरकारी पदांना चालते, हेही त्याच पानावर छापावं. तुमच्या करिअर पुरवणीनेही कोर्सची माहिती देताना एवढं विचारलंत तर बरं होईल.

परवा आलेल्या काकूंना मी म्हटलं, मागच्या बॅचचं एक सर्टिफिकेट बघून या. कॉलेजात त्यांना सांगितलं की तसं दाखवता येत नाही, हॉस्टेलची फी मात्र लगेच लिहून दिली.

– एक वाचक, कोथरूड, पुणे