क्षणामधली रेघ

संपादक महोदय,

साहित्यातील काळाच्या अनुभवावरची आपली रविवार पुरवणी वाचली. केशवसुतांची ‘घड्याळ’ कविता छापलीत, छान केलेत; पण पालुपदातली आडवी रेघ गाळलीत. ‘आला क्षण-गेला क्षण’ हे ‘आला क्षण गेला क्षण’ असे सलग आले आहे. मुद्रितशोधकाला ती रेघ किरकोळ वाटली असावी.

मात्रा मोजून पाहा; ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ‘गडबड घाई जगात चाले’ या ओळीत १६ मात्रा, ‘आळस डुलक्या देतो पण’ यात १४, आणि त्याही ८ अधिक ६ अशा तुटतात. पालुपदाची ओळ याच मापाची हवी. शब्दांच्या मात्रा मात्र ४, २, ४, २ म्हणजे १२च भरतात. उरलेल्या दोन त्या रेघेत आहेत. ‘आला क्षण’ म्हणून दोन मात्रा थांबले की आठ पुऱ्या होतात आणि पुढचा ठोका ‘गेला’च्या ‘गे’वर नेमका पडतो. न थांबता म्हटले तर तोच ठोका ‘ला’वर पडून ‘गेला’ हा शब्द मधोमध चिरला जातो. शाळेत मुले ही ओळ धावत म्हणतात त्याचे कारण हेच. क्षण आल्यावर जायला लागणारा वेळ कवीने शब्दाविना दाखवला आहे, आणि आपण तोच कापलात.

मर्ढेकरांच्या ‘सकाळी उठोनि । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी’ बद्दल लेखात ‘यांत्रिक जीवनाचे चित्रण’ एवढेच आहे. अक्षरे मोजली असती तर ६, ६, ६, ४ आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक, म्हणजे सरळ मोठा अभंग सापडला असता. ‘घ्यावी’, ‘गाठावी’ हे विध्यर्थही, म्हणजे ‘असे करावे’ सांगणारी रूपेही, संतांच्या उपदेशातली. नामस्मरणाचा साचा लोकलला लावल्यावर रोजचा तोचतोचपणा वेगळा सांगावा लागत नाही.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’तल्या चैत्रापुढे कंसात ‘मार्च-एप्रिल’ घालणे ढोबळमानाने ठीक. पण २०२४चा पाडवा ९ एप्रिलला होता आणि २०२६चा १९ मार्चला. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी आखूड, म्हणून दोन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. अधिक मास तो भरून काढतो. झाडे पंचांग बघून पालवत नाहीत. बाईंचा महिना ओळखायचा तो पालवीवरून.

पुरवणीतल्या स्मरणलेखांत ‘काळ जणू थांबला’ हे वाक्य तीनदा आले. त्याऐवजी क्रियापदाकडे लक्ष दिले असते तर बरे. ‘आजी अंगणात बसली’ म्हटले की एक संध्याकाळ दिसते, ‘आजी अंगणात बसे’ म्हटले की पुष्कळ वर्षे. हा आपला रीतिभूतकाळ. बोलण्यात आता ‘बसायची’ म्हणतो, तेही चालेल. पण पहिल्या लेखात एकाच परिच्छेदात ‘बसे’, ‘बसली’ आणि ‘बसते’ अशी तिन्ही रूपे आहेत. आजी हयात आहे की नाही हेच शेवटपर्यंत कळत नाही.

पुढच्या रविवारी केशवसुतांच्या त्या चार ओळी रेघेसह पुन्हा छापाव्यात, ही विनंती. चौकटीला फार जागा लागणार नाही.

आपला,
छंदशास्त्राचा एक अभ्यासक, सांगली